ओयुनचा घोडा आणि माझी चादर

आधी त्या घराचं स्वयंपाकघर सांगते, कारण जे काही झालं ते तिथं सुरू झालं आणि तिथंच येऊन मिटलं. बर्मिंगहॅमच्या सेली ओकमध्ये एका उतरत्या गल्लीत एकमेकांना चिकटून उभी असलेली लाल विटांची घरं, त्यातलं शेवटून दुसरं आमचं. बॉयलर रोज सकाळी म्हाताऱ्या माणसासारखा खाकरायचा, मग गरम पाणी येणार की नाही हे तो ठरवायचा. टेबलाचा एक पाय आखूड होता, त्याखाली कुणीतरी पूर्वीच पुठ्ठा घालून ठेवला होता आणि तो काढायची कुणाची छाती नव्हती. फ्रीजमध्ये प्रत्येकीला एक कप्पा. माझ्या कप्प्यात अम्माने दिलेली शेंगाचटणी, ती फ्रीजमध्ये ठेवायची नसते हे माहीत असूनही ठेवलेली, कारण बाहेर ठेवली की घरातल्या इतर मुली ती टोस्टवर लावून संपवायच्या. खालच्या कप्प्यात ओयुनचं दूध. नुसतं दूधच. मला वाटायचं ही मुलगी मांजर पाळते.

पहिल्याच आठवड्यात तिनं मला चहा दिला. मोठा वाडगा भरून, पांढराफटक. मी एक घोट घेतला आणि थांबले. आम्ही सोलापूरची माणसं जे वाटतं ते तोंडावर बोलतो, त्यामुळे मी म्हणाले, "अगं, यात मीठ पडलंय."

"पडलं नाही, घातलंय."

"चुकून?"

"तू रोज साखर घालतेस, ते चुकून का?"

मी वाडगा खाली ठेवला. पण टाकून देणं आमच्या घरात पाप, म्हणून मी डब्यातली बाजरीची कडक भाकरी काढली, चुरली आणि त्या खारट चहात टाकली. निदान जेवल्यासारखं होईल म्हणून. ओयुनचे डोळे मोठे झाले. तिनं स्वतःच्या वाडग्यात भाकरी चुरली, एक घास घेतला आणि खुर्चीवरून उठून मला मिठीच मारली. तिच्या आजीकडे म्हणे या चहात भाजलेली बाजरीसारखी बारीक धान्यं टाकून खातात, आणि इथं आल्यापासून ती त्या कुरकुरीत चवीसाठी दुकानंच्या दुकानं पालथी घालत होती. त्या दिवसापासून अम्माच्या भाकऱ्या दोघींत वाटल्या जाऊ लागल्या. अजूनही, मिल्टन कीन्सच्या माझ्या घरात, रविवारी मी तसा चहा करते. नवरा तेवढा वेळ बागेत जाऊन उभा राहतो.

ओयुन मंगोल होती. पण मंगोलिया देशातली नव्हे, चीनमधली. तिकडे उत्तरेला त्यांचा मोठा प्रांत आहे. चीनमध्ये सरकारच्या हिशेबाने छप्पन्न जमाती. त्यातल्या एकट्या हान जमातीचीच देशातली दहापैकी नऊ माणसं, आणि उरलेल्या पंचावन्न म्हणजे अल्पसंख्य. शाळेच्या दाखल्यावर तिचं नाव चिनी उच्चाराने वुयुन, आजीच्या तोंडी ओयुन. शहरात बाराव्या मजल्यावर वाढलेली, वडील बँकेत, आई दातांची डॉक्टर. मंगोल भाषा तिला फारशी येत नव्हती. वडिलांनी विचार करून चिनी माध्यमात घातलं होतं, पोरीचं पुढं भलं व्हावं म्हणून. हे मला नवीन नव्हतं. आमच्या घरात तेलुगू, गल्लीत मराठी आणि नानांच्या डोक्यात इंग्रजी. नाना, म्हणजे माझे वडील, पॉवरलूमवर होते. आयुष्यभर त्या खटाखटीत राहून त्यांना मोठ्यानं बोलायची सवय लागली होती, आणि मोठ्यानं ते एकच गोष्ट सांगायचे: पोरगी मागावर बसणार नाही. मी बसले नाही. आमच्या घराण्यात पदवी घेतलेली मी पहिली. ही गोष्ट मी संधी मिळेल तिथं सांगते, तर इथंही सांगून टाकली.

ओयुनला चिनी मुलं भेटली की पहिला प्रश्न ठरलेला. "मंगोल? अरे वा! मग घोडा कुठाय?" शाळेत घोड्यावरून जायचीस का, तंबूत वायफाय येतं का, एक गाणं म्हण ना, दारू किती पितेस. प्रश्न विचारणारे प्रेमानेच विचारायचे, हेच त्यातलं अवघड. ओयुनला घोड्याच्या केसांची ॲलर्जी होती. एकदा सहलीत घोड्याजवळ उभं करून तिचा फोटो काढला, तर फोटोत घोडा हसतोय आणि ही शिंकतेय. आणि प्रश्न संपले की शेवटी कुणीतरी हळूच म्हणायचं, "तुम्हा लोकांना प्रवेश परीक्षेत जादा मार्क मिळतात ना?"

हे वाक्य तिनं मला सांगितलं तेव्हा मी हातातलं लाटणं खाली ठेवलं. "हे तर मी मराठीत ऐकलंय," म्हणाले. इंजिनिअरिंगला असताना होस्टेलच्या पोरी याच सुरात विचारायच्या, 'तुमचं कोट्यातून ना गं?' आणि पुण्याच्या पोरींना जे मिळालं नाही ते डिस्टिंक्शन मला मिळालं तेव्हा त्याच पोरी पेढे खायला पुढे. इंग्लंडला आल्यावर हे सुटेल असं वाटलं होतं. पण इथल्या मराठी मंडळात पहिल्याच दिवशी एका डॉक्टरांच्या मिसेस, अत्यंत प्रेमळ काकू, माझं आडनाव ऐकून म्हणाल्या, "अगं बाई, म्हणजे घरी तेलुगूच का? मग मराठी इतकं छान कसं गं येतं तुला?"

"काकू, तुम्हाला कसं येतं?" मी विचारलं.

"आमचं काय, आमचं घरचंच!"

"आमचंही घरचंच हो. फक्त घर मोठं आहे."

काकू हसल्या, मला श्रीखंड वाढलं, आणि दिवाळी पाडव्याच्या कार्यक्रमात मला नऊवारी नेसवून पहिल्या रांगेत उभं केलं. त्यामुळे वेई आमच्या स्वयंपाकघरात आला त्या दिवशी त्याला काय हवंय हे मला त्यानं तोंड उघडायच्या आधीच कळलं होतं.

वेई चिनी विद्यार्थ्यांच्या मंडळाचा अध्यक्ष. लाल चेनचं जॅकेट, दारातच बूट काढणार, येताना संत्री आणणार. देशाबद्दल बोलताना त्याचा आवाज एक पट्टी वर जायचा, राष्ट्रगीत सुरू होणार असं वाटून मी एकदोनदा उठून उभी राहिले आहे. मुलगा मनाने निर्मळ. त्यानं लॅपटॉप आमच्या आखूड पायाच्या टेबलावर ठेवला आणि सांगितलं की यंदा नववर्षाच्या कार्यक्रमात छप्पन्न जमातींचे छप्पन्न पोशाख स्टेजवर येणार. एक परिवार, छप्पन्न भावंडं. पोशाखांचं पार्सल निघालंय. मुख्य पाहुणे म्हणून तिकडचे एक मोठे अधिकारी आणि युनिव्हर्सिटीच्या एक बाई येणार. आणि शेवटी मंगोल मुलगी निळा रेशमी पट्टा, त्याला खदग म्हणतात, दोन्ही हातांवर धरून पाहुण्यांना देणार. व्हिडिओ लगेच इंटरनेटवर.

"आणि मंगोल मुलगी कोण?" ओयुनने विचारलं, जणू तिला ठाऊकच नव्हतं.

"तूच! आपल्याकडे खरी आहे, म्हणजे किती भाग्य!"

ओयुनने पडद्यावरचा पोशाख पाहिला. चकाकणारं गुलाबी नायलॉन, कडेला पांढरी खोटी फर, टोपीवरून तोंडापर्यंत लोंबणारे प्लास्टिकचे मणी. तिनं लॅपटॉप अर्धा मिटला. मग म्हणाली, "वेई, माझी आजी सगळे व्हिडिओ बघते. आई फोन तिच्यासमोर धरते. माझ्या आजीने स्वतःच्या हाताने माझ्या आईचा देल शिवला, टाका न् टाका. तिच्यासमोर मी हे घालून नाचू? ती रागावणार नाही. ती 'छान दिसतेस' म्हणेल. तेच मला नको आहे."

देल म्हणजे त्यांचा लांब अंगरखा. वेईने मान खाली घातली, पण कार्यक्रम त्याच्या डोक्यात बसला होता. "मग मंगोल कोण होणार? आणि तू नाही म्हणालीस तर लोक म्हणतील तुला आपल्या परिवारात यायचं नाही."

हे तो धमकी म्हणून बोलला नाही, काळजीनेच बोलला. पण ओयुनचा चेहरा पडला. इथं तिचे मित्र, अभ्यासाचा गट, आजारी पडलं तर सूप आणून देणारी माणसं, सगळी त्याच मंडळातली होती. एक नायलॉनचा झगा नाकारून ती त्या सगळ्यांसाठी परकी होणार होती. आणि घातला, तर आजीसाठी. मी भाकरी गरजेपेक्षा जास्तच बारीक चुरत होते.

मग ओयुननेच डोकं वर केलं. "सगळे सारखे ना?"

"अगदी!"

"कुणी मोठं नाही, कुणी लहान नाही?"

"कुणी नाही!"

"मग कुणी काय घालायचं यानं काय बिघडतं? मी हान होते. मंगोल तू हो."

वेईचं तोंड उघडं राहिलं. त्याच्याच भाषणात त्याला पकडलं होतं, आणि मुलगा प्रामाणिक असल्यामुळे त्याला निसटता येईना. संत्र्याची फोड तोंडात घालून तो म्हणाला, "तत्त्वतः... हो."

पार्सल आलं आणि आमच्या बैठकीच्या खोलीत चीन पसरला. मंडळाकडे माणसं कमी पडत होती, म्हणून दिसेल त्याला धरलं. ग्रीसचा एक दाढीवाला कझाक झाला. मला म्याओ नावाच्या जमातीची केलं. डोक्यावर चांदीचा म्हणून पत्र्याचा मुकुट, त्याला म्हशीसारखी दोन शिंगं आणि खाली शंभर घुंगरं. मी हलले की सगळी गल्ली हलायची. दारातून आत यायला मला कमरेत वाकून, आडवं होऊन यावं लागे. नानांना फोटो पाठवला तर त्यांचा फोन आला, "बाळा, तिथं शिक्षणाचं कसं चाललंय?"

खरा घोळ हान पोशाखाचा झाला. बाकी पंचावन्न पोशाखांना पिशवीवर चिठ्ठी होती, रंग होते, मणी होते. हानची पिशवी उघडली तर रिकामी. पाठवणाऱ्यानेही विचार केला नव्हता की त्यांना वेगळं काही घालायला लागेल. ओयुन शांतपणे म्हणाली, "मग आम्ही हान लोक काय घालतो?"

यिंग नावाची मुलगी होती, इतिहासाची वेडी. ती धावत जाऊन घरून आपला रुंद बाह्यांचा जुन्या काळचा रेशमी झगा घेऊन आली. तो सुंदर होता. तेवढ्यात मागून एक पोरगा म्हणाला, "हे जरा जपानी दिसतं." माझी घुंगरंसुद्धा थांबली. यिंगने त्या पोराशी पुढे महिनाभर बोलणं टाकलं. जपान्यांनीच तो चिन्यांकडून उचलला, हे ती तिथल्या प्रत्येकाला, मलाही, वेगवेगळं सांगत फिरली. कुणीतरी म्हणालं, मग उंच कॉलरचा घट्ट चिपाव घाला. यिंग कडाडली, "तो मुळात मांचूंचा!" मांचू ही त्या पंचावन्नांतलीच एक. मग सूट? तो इंग्रजांचा. पायजमा-सदरा? तो आजोबांचा. एकाने इतिहास काढला, दुसऱ्याने फोनवर चित्रं काढली, तिसरीने गळा काढला. परिवार एक, पण त्याला कपडे सापडेनात. वेई मध्ये उभा राहून "एकजूट, एकजूट" म्हणत होता आणि प्रत्येकजण आपल्या मताशी एकजुटीने उभा होता.

शेवटी ओयुन वर जाऊन स्वतःचा नोकरीच्या इंटरव्ह्यूसाठी घेतलेला काळा कोट-पँट घालून खाली आली. "मी आयुष्यभर हान लोक बघतेय," ती म्हणाली. "ते हेच घालतात." यिंगने आपला झगा घडी करून पिशवीत ठेवला.

कार्यक्रमाच्या संध्याकाळी स्टेजमागे मरणाची थंडी होती. हीटिंग बंद, आणि पोशाख सगळे नायलॉनचे. मी घरून माझी सोलापुरी चादर आणली होती, नानांच्या मागावरची, जाड, निळी, कडेला पांढरी देवळं. पाळीपाळीने सगळ्या जमाती तिच्याखाली ऊब घेत होत्या. वेई मंगोल होऊन तयार. गुलाबी झगा त्याला आखूड, मणी डोळ्यात जात होते, आणि ऐन वेळी लक्षात आलं की झग्याला कमरपट्टाच नाही. समोरून झगा उघडत होता आणि आत त्याची थर्मल पँट दिसत होती. तो घाबरून म्हणाला, "पद्मा, काहीतरी कर!"

हाताशी एक निळं रेशमी कापड दिसलं. मी ते त्याच्या कमरेला दोनदा गुंडाळलं आणि गाठ मारली. आमच्या घरात लहानपणी पाढ्यांच्या आधी ही गाठ शिकवतात. मागावर धागा तुटला की तशी बांधायची, ती बारीक बसते, घसरत नाही आणि सुटत नाही. ओढली की जास्त घट्ट होते. वेई म्हणाला, "वा, अगदी पक्कं!" आणि स्टेजवर गेला.

ते निळं कापड म्हणजे खदग होता, हे तुमच्या आधीच लक्षात आलं असेल. माझ्या आलं नाही. माझ्या डोक्यावर शिंगं होती.

संगीत वाजलं, छप्पन्न भावंडं ओळीने उभी राहिली, मी घुंगरांसकट. पाहुणे आणि युनिव्हर्सिटीच्या बाई पुढे आल्या. सूत्रसंचालक म्हणाली, "आणि आता मंगोल बंधू खदग अर्पण करतील." वेईने दोन्ही हात पुढे केले. हात रिकामे. त्यानं डावीकडे पाहिलं, उजवीकडे पाहिलं, मग खाली स्वतःच्या पोटाकडे. मला त्याचा चेहरा आजही दिसतो. त्यानं हसत हसत गाठ ओढली. गाठ घट्ट झाली. पुन्हा ओढली. आता त्याचा श्वास अडकू लागला. ग्रीक कझाक मदतीला धावला आणि दोघं मिळून जोरात ओढू लागले, तसा वेई गोल फिरला. प्रेक्षकांना वाटलं हा घोड्यावरचा नाच आहे. टाळ्या पडू लागल्या.

तेवढ्यात ओयुन ओळीतून निघाली. तिला कुणी सांगितलं नव्हतं, उलट तिनं नकारच दिला होता. काळ्या कोटातली ती विंगेत गेली, माझी चादर उचलली, नीट चार घड्या घातल्या, दोन्ही तळहातांवर आडवी धरली आणि पाहुण्यांसमोर कमरेत वाकून उभी राहिली. आणि मग ती मंगोल भाषेत बोलली. एकच लांब वाक्य, खालच्या पट्टीत, देवासमोर म्हणावं तसं. पाहुण्यांनी चादर दोन्ही हातांनी स्वीकारली, कपाळाला लावली, आणि त्या थंडीत लगेच खांद्यावर घेतली. सूत्रसंचालक भारावून म्हणाली, "मंगोल परंपरेचं खास हातमागाचं वस्त्र!" मी शिंगं सावरत ताठ उभी राहिले. हातमाग नव्हे, पॉवरलूम, असं ओरडून सांगावंसं वाटत होतं, पण म्हटलं जाऊ दे. चादर पाहुण्यांबरोबर त्यांच्या गाडीतून गेली ती गेलीच.

झगा काही उतरला नाही. वेई तसाच जेवला आणि तसाच आमच्याबरोबर बसमध्ये बसला, गुलाबी, फर लावलेला. मागच्या सीटवरच्या एका आजीबाईंनी पुढे वाकून, आपण 'बाळा' म्हणतो तसं 'बॅब' म्हणत विचारलं, "कुठला रे तू, बॅब? आणि घोडा कुठं ठेवलास?" वेईने सांगितलं की तो हान आहे. आजीबाई म्हणाल्या, "हो का? पण घोडा?" पुढे चढलेल्या शाळकरी पोरांनी टापांचा आवाज काढला. कुणीतरी गाणं म्हणायला सांगितलं. सगळे हसून, प्रेमानेच विचारत होते. घरी पोचेपर्यंत वेईचा चेहरा झग्याच्या रंगाचा झाला होता.

स्वयंपाकघरात मी त्याला टेबलाजवळ उभं केलं आणि गाठ सोडवायला घेतली. ती ओढून सुटत नाही, मागे ढकलावी लागते. हे मी सांगितलं असतं, कुणी विचारलं असतं तर. ओयुनने खारट चहा ठेवला. वेई भाकरी चुरताना हळूच म्हणाला, "तुला असं रोज विचारतात?"

"रोज."

"मीसुद्धा विचारलं होतं."

"दोनदा."

वेईने एक घोट घेतला. मग म्हणाला, "यात मीठ पडलंय." आणि आम्ही दोघी इतक्या हसलो की पुठ्ठा निसटून टेबल कललं.

"पण तू ते पाहुण्यांना काय म्हणालीस?" मी डोळे पुसत विचारलं. "आशीर्वाद होता का?"

ओयुन लाजली. "मला पूर्ण असं एकच वाक्य येतं. लहानपणी आजी रात्री पांघरूण घालताना म्हणायची तेवढंच."

"म्हणजे?"

"'पाय आत घे, नाहीतर सकाळी नाक गळेल, आणि मग मला सांगू नकोस.'"

दुसऱ्या दिवशी सकाळी तिकडून फोन आला. आम्ही दोघी टेबलाशी बसलो होतो. पडद्यावर आधी तिची आई, मग एक सुरकुतलेला, लालबुंद गालांचा चेहरा. आजी बोलूच शकत नव्हती. हसून हसून तिला ठसका लागला होता. एवढ्या मोठ्या साहेबाला पाय आत घ्यायला सांगितलंस, आणि त्यानं कपाळाला लावलं! हसू थांबलं तशी ती एकदम गंभीर झाली, काहीतरी बोलली, आणि ओयुनची आई चिनीत सांगू लागली. ओयुन ऐकत राहिली, नाक ओढत, आणि मग माझ्यासाठी इंग्रजीत.

"ती म्हणतेय, माझे उच्चार बरोबर होते. सगळे."

मी तिच्या पाठीवर हात ठेवला. आजी पुन्हा काहीतरी म्हणाली, पडद्यावर बोट आपटत.

"ती म्हणतेय, त्या सगळ्या तमाशात दोनच गोष्टी खऱ्या होत्या. त्या गुलाबी पोराच्या कमरेची गाठ आणि ते पांघरूण. पांघरूण कुठलं, विचारतेय."

"सोलापूर," मी म्हणाले.

"सो-ला-पूर," आजीने घोळवून म्हटलं. मग प्रश्न. ओयुन हसू दाबत माझ्याकडे वळली. "विचारतेय, हे आपल्या मंगोलांच्या कुठल्या भागात येतं?"

"मग काय सांगतेस?"

ओयुनने क्षणभर विचार केला आणि आईकडून कळवलं, "दक्षिणेला."

आजीने मान डोलावली. लांब पडतं, म्हणाली, पण माणसं थंडीतली दिसतात.